कॉर्पसबद्दल तू विचारलंस म्हणून

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचून जरा कसंतरीच झालं, कारण तू लिहिलंयस की देणगीदार पैसे द्यायला तयार आहे पण कॉर्पसमध्येच टाका म्हणतोय, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त उत्पन्न वापरायचं, आणि इथे तुमच्या कम्युनिटी सेंटरचं छत गळतंय, मुलं दाराशी उभी आहेत, मग बँकेत पडून राहणारा पैसा काय कामाचा. अगदी हाच प्रश्न मीही तुझ्या वयात विचारला होता, आणि तेव्हा तर मी तावातावाने भांडले होते.

नंतर आमच्याच सेंटरची जवळजवळ सगळी मदार ज्या एका ग्रँटवर होती ती बंद झाली. आमचं काम वाईट होतं म्हणून नाही, त्यांचे विषय बदलले एवढंच. क्लास आम्ही कसेबसे चालू ठेवले, पण आमची जी कोऑर्डिनेटर होती, जिला प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती तोंडपाठ होती, तिला जाऊ द्यावं लागलं. वर्षभराने पैसे परत आले पण ती परत आली नाही, आणि तिच्यासोबत जी ओळख गेली ती कुठल्याच ग्रँटमधून परत मिळवता आली नाही. हे अजून मला टोचतं.

बघ, प्रोजेक्टला पैसे देणारे खूप असतात. पण लाइट बिल, ऑडिट, साफसफाई, दार उघडणाऱ्या माणसाचा पगार, याला पैसे द्यायला कुणाला उत्साह नसतो, कारण त्याचा फोटो निघत नाही. कम्युनिटी सेंटर मात्र त्याच गोष्टींवर उभं असतं. दार रोज ठरलेल्या वेळी उघडतं, हाच लोकांचा त्याच्यावरचा विश्वास. कॉर्पसचं उत्पन्न नेमकं इथे उपयोगी पडतं.

आणि मोठं नाव पाठीशी असलं की संस्था टिकते असंही समजू नकोस. शिकागोचं हल हाउस घे, आपल्यासारखंच वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र, जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये सुरू केलेलं, अ‍ॅडम्सना पुढे 1931 चं शांततेचं नोबेल मिळालं, जगभरच्या लोकांनी तिथून प्रेरणा घेतली. ते काम पुढे चालवणारी संस्था जानेवारी 2012 मध्ये बंद पडली. तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा सरकारी पैशातून यायचा, तो ओघ आटला आणि देणग्यांनी खड्डा भरला नाही. शंभरहून जास्त वर्षांचं काम! मला ते वाचल्यावर कितीतरी दिवस चैन पडलं नव्हतं.

आता हिशोब, कारण इथेच बरेच जण फसतात. साधारण दरवर्षी फंडाच्या 4 ते 5 टक्केच काढायचे असा प्रघात आहे. 4 टक्के धर, म्हणजे एका माणसाचा वर्षाचा पगार कायमचा निघायला पगाराच्या 25 पट रक्कम हवी. ऐकून दडपण येतं ना? म्हणून सगळा खर्च निघेल असं स्वप्न बघूच नकोस, आधी एकच खर्च पकड, लाइट बिल पकड, ते कायमचं सुटलं की पुढचा. आणि फंडाला 8 टक्के मिळाले म्हणून आठच्या आठ खर्च करू नकोस, कारण महागाई 6 टक्के असेल तर 12 वर्षांत सगळ्याच्या किमती दुप्पट होतात, म्हणजे पासबुकात आकडा तेवढाच दिसतो पण त्यात काम निम्मंच होतं. आणखी एक, रक्कम काढताना मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर काढा, म्हणजे बाजार पडला त्याच वर्षी हातपाय गाळायची वेळ येत नाही.

बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट मला यासाठीच आवडते. 1790 मध्ये तो गेला, मृत्युपत्रात बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी 1000 पौंड ठेवून गेला, तरुण कारागिरांना व्याजाने द्यायला, आणि मुदत घातली 200 वर्षांची. 1990 च्या सुमारास बॉस्टनकडे जवळपास 50 लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाकडे साधारण 20 लाख. पैसे तेवढेच, अटी त्याच, तरी एवढा फरक! म्हणजे फंड नुसता असून चालत नाही, तो सांभाळणारी माणसं आणि त्यांचे नियम लागतात.

म्हणून देणगी घ्यायच्या आधी ठराव करा. दरवर्षी किती काढायचं, पैसे कुठे गुंतवायचे, कोण सही करणार, सगळं कागदावर. "पगारापुरते उसने घेऊ, मग भरू" हे कॉर्पसच्या बाबतीत कुणालाच बोलू देऊ नकोस, अगदी अध्यक्षांनाही नाही, कारण ते परत भरले जात नाहीत. देणगीदाराशीही मोकळेपणाने बोल, अट फार अरुंद असेल, एकाच क्लाससाठी वगैरे, तर "केंद्राच्या सर्वसाधारण कामासाठी" असं लिहून माग, वीस वर्षांनी तो क्लास कुणाला हवा असेल की नाही काय माहीत.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: तुमच्याकडे सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा रिझर्व्ह नसेल तर पहिलं काम ते. रिझर्व्ह म्हणजे अडचणीत वापरायचे पैसे, कॉर्पस म्हणजे न वापरायचे, या दोघांची गल्लत झाली की दोन्ही जातात. गळणारं छतही कॉर्पसमधून होणार नाही, त्याच्यासाठी वेगळं मागायला लागेल. त्याच देणगीदाराला विचारून बघ ना, थोडे छताला आणि बाकीचे कॉर्पसला चालतील का, बरेचदा लोक हो म्हणतात, आपणच विचारत नाही.

ट्रस्टींची मीटिंग कधी आहे ते कळव. ठरावाचा कच्चा मसुदा त्याआधी पाठवलास तर मी रात्री बसून वाचीन.