हलका कॅमेरा घेताना आधी लेन्स ठरवा

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डी७२०० आहे, त्यावर १८-१४० मिमीची लेन्स. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गोदाघाटावर, बाजारात फोटो काढत फिरते. पण दीड-दोन तासांत मान भरून येते, मनगट ठणकायला लागतं. येत्या कार्तिकात आठ दिवस बनारसला जायचं आहे. कॅमेरा लहान घेतला तर फोटोचा दर्जा उतरेल का? मुलगा म्हणतो, घ्यायचाच तर फुलफ्रेम घे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या हातातला डी७२०० हा क्रॉप सेन्सरचाच कॅमेरा आहे, म्हणजे त्याचा चित्र टिपणारा सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान असतो. सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिमीचा. निकॉनच्या मिररलेस झेड ५० मध्येही जवळपास तेवढाच सेन्सर असतो. मिररलेसमध्ये आतला आरसा आणि वरचं प्रिझम नसतं, म्हणून अंग आटोपशीर होतं. त्यामुळे दर्जाची काळजी मनातून काढून टाका.

आता तराजू लावू. डी७२०० बॅटरी-कार्डासकट ७६५ ग्रॅम, १८-१४० लेन्स ४९० ग्रॅम. म्हणजे सव्वा किलो तुमच्या मानेला लटकतंय. झेड ५० आहे ४५० ग्रॅम. त्याची १६-५० मिमीची लेन्स १३५ ग्रॅम. एकूण ५८५, निम्म्याहूनही कमी. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा. बॉडी कितीही लहान केली तरी एवढा सेन्सर झाकणारी चांगली झूम लेन्स जडच होते. तुमच्या मनगटाचा विचार करता मुलाचा सल्ला मला पटत नाही.

पण लेन्सबद्दल माझं ठाम मत आहे. बनारससाठी १६-५० ऐवजी २४ मिमी एफ/१.७ घ्या. तीही १३५ ग्रॅमचीच, म्हणजे वजनात काही फरक नाही. क्रॉप सेन्सरवर ती फुलफ्रेमवरच्या ३६ मिमीसारखी दिसते. तिथल्या गल्ल्यांमध्ये समोरून कुणी आलं की अंग चोरून उभं राहावं लागतं. दुपारीही उजेड कमी असतो. एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून जास्त उजेड आत येतो, म्हणून तिथे एफ/१.७ उपयोगी पडेल, एफ/५.६ नाही. लांबचं ओढून घेता येणार नाही, हे खरं. त्यासाठी दोन पावलं पुढे जायचं.

त्या दोन पावलांचं मोल मला मंडईत कळलं. पुण्यात वर्तमानपत्रासाठी फोटो काढत होतो, तेव्हा खांद्यावर कायम मोठी झूम असायची. मंडईच्या कडेला एक आजी मोगऱ्याचे गजरे करायच्या. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, कळ्यांची जोडी ठेवायची, फास ओढायचा, पुन्हा जोडी. ते बोट आणि तो दोरा मला हवा होता. मी लेन्स वर केली की आजी पाय लुगड्याखाली ओढून घ्यायच्या. तीन वेळा असं झालं. पुढे एकदा लहान कॅमेरा आणि एकच लेन्स घेऊन गेलो, शेजारी उकिडवा बसलो, गजरा घेतला, "फोटो काढू का?" म्हणून विचारलं. आजी "काढ की" म्हणाल्या आणि हात थांबलासुद्धा नाही. कॅमेरा लहान होता म्हणून मी जवळ बसू शकलो, असं मला आजही वाटतं.

झेड एफसीही दुकानात दाखवतील. दिसायला देखणा, ४४५ ग्रॅमचा. पण त्याला पुढून धरायला उंचवटा नाही, सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो. तुमचं मनगट दुखतं, तेव्हा झेड ५० किंवा झेड ५० टू. टू ५५० ग्रॅमचा आहे, फोकस जास्त चपळ. दोन्ही हातात घेऊन पाच मिनिटं डोळ्याला लावून उभ्या राहा आणि मग ठरवा. या दोन्हींत बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नाही, पण त्यावर अडू नका. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची चाल थांबवत नाही. चालत्या माणसासाठी शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवावाच लागतो.

फुजीचा एक्स-टी३० टू (३७८ ग्रॅम) आणि त्यावरची २७ मिमी लेन्स (८४ ग्रॅम) याहून हलकी. रिको जीआर थ्री तर २५७ ग्रॅमचा, खिशात जातो. पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. तुम्हाला इतक्या वर्षांची डोळ्याला लावायची सवय आहे, ती मोडू नये.

बॅटरीचं मात्र ध्यानात ठेवा. डी७२०० एका चार्जवर हजारावर फोटो देतो. झेड ५० तीनशेच्या आसपास थांबतो. जादा दोन बॅटऱ्या घ्याच.

घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. पहाटे नावेतून पाहाल तर पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. दिवसा एफ/८ ठेवा, दहा फुटांवरच्या खांबावर फोकस करून तो मॅन्युअलला टाका, म्हणजे तिथेच राहील. २४ मिमीवर साधारण पावणेदोन मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं, फोकसची वाट बघावी लागत नाही. आणि मणिकर्णिकेवर, म्हणजे दहनाच्या घाटावर, कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

प्रश्न : कॉलेजात आहे, बजेट कमी. सेकंडहँड मिररलेस घेऊ का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : घे, पण दुकानात टॉर्च घेऊन जा. लेन्सच्या एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने बघ. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी लेन्स परत ठेव. मग एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढ. काळे ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करून मिळते, तेवढे पैसे किमतीतून कमी करून माग. तुझ्याकडची पावसाळी हवा बुरशीला फार मानवते, म्हणून घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यावर परतून पुन्हा निळे करून घे.