बाटलीवरचे आयरिश नाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. घरी केलेल्या मीड आणि सायडरच्या बाटल्यांसाठी तू काढलेली आयरिश नावांची यादी मिळाली. नावे कानाला गोड आहेत, पण बहुतेक सगळी आधी इंग्रजीत सुचलेली आणि मग शब्दकोशातून एकेक शब्द उचलून जोडलेली आहेत. आयरिश वाचणाऱ्याच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येते. तू आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहतोस, बाटल्या तिथल्याच शेजाऱ्यांना देणार आहेस. तेव्हा नाव त्यांच्या भाषेच्या घडणीत बसायला हवे.

सुरुवात पेयाच्या नावापासून कर. मीडला, म्हणजे मध आंबवून केलेल्या पेयाला, आयरिशमध्ये ‘मी’ म्हणतात. लिहिताना एम, आय, ओ, डी, एच अशी पाच अक्षरे येतात, त्यातली शेवटची दोन बोलताना गळतात. सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाला, ‘ल्यान ऊल’ म्हणतात: ल्यान म्हणजे ‘एल’ हे बिअरसारखे पेय, ऊल म्हणजे सफरचंद. सायडरसाठी ‘केर्तलिश’ असाही शब्द कोशात सापडेल. तो चुकीचा नाही, पण घरच्या बाटलीवर मला ल्यान ऊलच आवडते. त्यात काय आहे ते नावच सांगते.

विशेषण नामानंतर येते. तुझ्या यादीतले ‘दुव मी’ म्हणूनच उलटे पडले आहे. काळे मीड ‘मी दुव’ असे होईल. ‘शॅन’, म्हणजे जुने, हे मोजक्या अपवादांपैकी एक. ते पुढे चिकटते आणि नामाचे पहिले व्यंजन बदलते, म्हणून जुने मुरलेले मीड ‘शॅनवी’. लिहिताना एमनंतर एच येतो आणि उच्चार व होतो. या बदलाला तिकडे शेवू म्हणतात. तुला तो अवघड जाऊ नये. ‘घोडा’ला प्रत्यय लागताना आपण ‘घोड्याला’ करतोच, ‘घोडाला’ म्हणत नाही. आपल्याकडे शब्दाचे शेपूट बदलते, त्यांच्याकडे तोंड.

शेवू कुठे होणार हे बरेचदा लिंगावर ठरते. मी आणि ल्यान पुल्लिंगी, मध म्हणजे ‘मिल’ स्त्रीलिंगी, केर्तलिशही स्त्रीलिंगी. कोरड्या सायडरला ‘ल्यान ऊल तिरिम’ म्हणशील, पण ‘केर्तलिश हिरिम’. टीनंतर एच आला की ह उच्चारायचा. हेदर या फुलझुडपाच्या मधाला म्हणतात ‘मिल री’. फुलाचे नाव एरवी एफने सुरू होते, पण स्त्रीलिंगी मिलमागे त्या एफला एच लागतो आणि उच्चारातून तो पार नाहीसा होतो. लिखाणातला एफ मात्र काढायचा नाही. शब्दकोश उघडलास की अर्थाआधी लिंग आणि षष्ठीचे रूप बघायची सवय लाव.

षष्ठीत शब्द ओळखू येणार नाही इतका बदलू शकतो. मिलचे ‘म्याला’ होते. टिपररी काउंटीतले क्लॉनमेल, जिथे १९३५पासून सायडर बनवतात, त्याचे आयरिश नाव ‘क्लूअन म्याला’, म्हणजे मधाचे कुरण. मधुचंद्राला ‘मी न म्याला’ म्हणतात, शब्दशः मधाचा महिना. त्यातला महिन्याचा ‘मी’ एम आणि फादा, म्हणजे वर तिरकी रेघ, असलेला आय एवढाच, पण बोलताना तो मीडच्या जवळ जातो. लग्नाच्या भेटीसाठी बाटली करशील तेव्हा हे नाव जसेच्या तसे घे. आयरिश बोलणारा ते वाचून हसेल, आणि व्याकरणात कुठे बोट ठेवता येणार नाही.

आता फादा. स्वरावरची ही तिरकी रेघ शोभेची नाही, ती स्वर दीर्घ करते आणि अर्थही बदलते. ल्यानमधल्या ई अक्षरावर ती चुकून पडली की शब्द ‘लेन’ होतो आणि त्याचा अर्थ विद्वत्ता. तुझ्या यादीत हे दोनदा झाले आहे: सफरचंदाच्या सायडरऐवजी सफरचंदांची विद्या. आयरिश कळफलकावर ऑल्ट जीआर दाबून स्वर टंकला की फादा येतो; अपॉस्ट्रॉफी लावून काम भागवू नकोस. मोठ्या अक्षरांवरही तो राहतोच. छपाईआधी ए, ई, आय, ओ, यू या पाचही अक्षरांचे फादासह लहान-मोठे रूप निवडलेल्या फाँटमध्ये आहे का ते तपास. नसेल तर संगणक ते एक अक्षर दुसऱ्या फाँटमधून उसने आणतो आणि लेबलावर ते ठिगळ दिसते.

यादीतले ‘ल्यान दुव’ मात्र व्याकरणाने बरोबर असूनही काढून टाक. ब्लॅकबेरीच्या गडद सायडरला ते शोभेल असे तुला वाटले असणार, पण आयरिशमध्ये ते स्टाउटचे, म्हणजे काळ्या बिअरचे, रूढ नाव आहे, आणि जुन्या अर्थाने काळे पित्त, म्हणजे विषण्णता. दोन शब्द जोडून झाले की तो जोड आधीच कशाचे नाव नाही ना, हे शोध. रंगांचेही तसेच. झाडापानांचा, कच्च्या सफरचंदाचा हिरवा ‘ग्लास’. ‘उअन्य’ हा रंगवलेल्या वस्तूचा हिरवा. भडक लाल ‘द्यारग’, कोल्ह्याचा किंवा केसांचा तांबूस ‘रुआ’.

आणि रंगाचे नाव घाईने देऊ नकोस. पिळलेला रस हवेने तपकिरी होतो, म्हणून रुआ सुचते. पण आंबताना तोच रस उजळत जातो आणि बाटलीत फिकट पिवळे सायडर उतरते. ब्लॅकबेरीचे मीड आधी जांभळे, मग माणकासारखे, वर्षे गेली की विटकरी होते. गोडीचेही गृहीत धरू नकोस. पाच लिटरच्या बुधल्यात दीड किलो मध घातलास तर सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) साधारण १.०९० येते. यीस्टने ती १.००० पर्यंत खाली आणली की सुमारे १२ टक्के अल्कोहोलचे कोरडे पेय झाले. त्यावर ‘मिलिश’, म्हणजे गोड, लिहिणे खोटे ठरेल. बुधल्यावर फक्त तारीख आणि घनता लिही. नाव बाटलीत भरायच्या दिवशी, चाखून, उजेडात धरून.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मोठ्या अक्षरांत. अनेकवचनी षष्ठीत ‘न’ या शब्दामागे नामाच्या तोंडाला नवे अक्षर लागते, त्याला उरू म्हणतात. मधमाशी ‘ब्याख’, मधमाश्यांचे मीड ‘मी न म्याख’. लिहिताना बीच्या आधी एम येतो, पण तो लहानच राहतो आणि मोठा होतो तो बी. सगळे लेबल मोठ्या अक्षरांत असले तरी हा एम लहानच. ‘ल्यान न नूल’, सफरचंदांचे एल, यात लहान एन आणि त्याला लागून, मध्ये जोडरेघ न देता, फादासह मोठा यू. वेक्सफर्डमधल्या औलार्ट गावाचे आयरिश नाव मुळात ‘फळबाग’ या अर्थाचे आहे. त्यातही लहान टी आणि मोठा ए असेच लिहितात. छापणारा ही चूक समजून सुधारेल. त्याला आधीच लिहून दे की हे असेच हवे.

नावासाठी ऋतू चांगला आधार आहे. सप्टेंबरला ‘म्यान फोवर’, सुगीचा मध्य. ऑक्टोबरला ‘देर्य फोवर’, सुगीचा शेवट. सफरचंदे पिळायचे हेच दिवस, तेव्हा महिन्याचे नावच बाटलीला पुरते. ‘ल्यान अन ओवर’, सुगीचे एल, हेही छान. तिथे फोवरचा फ पुन्हा शेवूने गळाला. नोव्हेंबरच्या बाटलीला ‘ल्यान न साउना’. व्यक्तीचे नाव हवेच असेल तर कॉर्कमध्ये तुझ्याजवळच बॅलीव्हर्नीची संत गॉबनित आहे, मधमाश्यांची पालक संत, सण ११ फेब्रुवारीला. नाव मागे आले की जी नंतर एच लागतो आणि रूप ‘गॉबनतन’ होते.

ऑगम या दगडांवर कोरलेल्या जुन्या आयरिश लिपीचा मोह होईल. मूळ लिपीत वीसच अक्षरे आहेत, पी नाही, आणि दगडाच्या कडेवर ती खालून वर कोरत. लेबलावर घ्यायचीच असेल तर उभी घे आणि खालून वर लिही. जुन्या गेलिक वळणाचा फाँट घेतलास तर शेवूचा एच काढून व्यंजनावर टिंब दे. दोन्ही एकदम नकोत.

उच्चारासाठी त्यांगलन या संकेतस्थळावर अल्स्टर, कॉनक्ट आणि मन्स्टर अशा तीन बोलींतले ध्वनिमुद्रण ऐकायला मिळते. तुझे कॉर्क मन्स्टरमध्ये येते, तिथे ल्यानचे ‘ल्याउन’ ऐकू येईल, तेच शीक. आपल्याला ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा लागतो, म्हणून त्यांची कृश (ई, आयलगतची) आणि जाड (ए, ओ, यूलगतची) व्यंजने आपल्या कानाला लवकर पकडता येतात. जाड त आणि द तर आपलेच दंत्य. इंग्रजी वळणाचा ट तिथे आणू नकोस. शब्दलेखनाची झटपट परीक्षाही यातूनच निघते: व्यंजनाच्या एका बाजूला ई किंवा आय असेल तर दुसऱ्या बाजूलाही त्यांतलेच अक्षर हवे, आणि ए, ओ, यूचेही तसेच. जोडशब्द सोडले तर हा नियम क्वचितच मोडतो.

शेवटी नाव आयरिश बोलणाऱ्या माणसाला दाखव. कॉनरा न गेल्गे या संस्थेच्या शाखांतून गप्पांची मंडळे चालतात. ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारलेस तर लोक भिडेखातर हो म्हणतात. म्हणून पेय काय आहे, कशापासून केले आणि तुला काय म्हणायचे आहे ते सांग, मग ‘तुम्ही याला काय म्हणाल?’ असे विचार. त्यांचे उत्तर तुझ्या नावाहून वेगळे आले तर त्यांचेच घे.

सुधारलेली यादी पाठवशील तेव्हा प्रत्येक नावापुढे नामाचे लिंग, षष्ठीचे रूप आणि पेयाची शेवटची घनता लिही. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठव, म्हणजे फादा कुठे दिला आहेस ते मला नीट दिसेल.

तुझा,
एक स्नेही