नोकरी-संसाराच्या धावपळीत अध्यात्म आणि सजगता कशी आणावी?

वेगळा तास काढायच्या नादी लागू नका, तो सापडत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातले गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) प्रपंच सोडा असं म्हणालेच नाहीत. प्रपंचात राहून नाम घ्या म्हणाले. मी साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत कामाला जातो. मोबाईल खिशात, आणि पावलागणिक मनात ‘श्रीराम जय राम जय जय राम’. तेरा अक्षरं, श्वासाच्या लयीत आपोआप बसतात. मन भरकटतंच (पहिले आठ दिवस मला फक्त गॅस बंद केला का हेच आठवायचं!). भरकटलं की चिडायचं नाही, पुन्हा पहिल्या अक्षरावर यायचं. नामाची आवड नसेल तर नुसती पावलं मोजा. जेवताना टीव्ही बंद, हे मात्र जमवाच.