पाहुण्यांसाठी मऊ चीज स्प्रेड

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यानंतर संध्याकाळी वीस पाहुणे घरी येणार आहेत. बिस्किटांवर लावण्यासाठी मी पनीरचे चीज स्प्रेड करून पाहिले, पण ते रवाळ झाले आणि काही वेळाने त्याला पाणी सुटले. विकतसारखा मऊपणा घरी कसा आणावा? त्यात चीजचे क्यूब घातले तर चालतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पनीर रवाळ होते ते बहुधा दूध फाडतानाच. उकळत्या दुधात लिंबाचा रस एकदम ओतला, आणि फाटल्यावरही दूध गॅसवर उकळत राहिले, तर त्यातील प्रथिने आकसून घट्ट होतात व मग मिक्सरही त्यांना मऊ करू शकत नाही. म्हणून 2 लिटर मलईयुक्त दूध उकळल्यावर गॅस बंद करावा, पाचेक मिनिटे थांबावे आणि अर्धी वाटी पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घालत हलक्या हाताने ढवळावे. हिरवट, नितळ पाणी दिसू लागताच रस घालणे थांबवावे. पनीर मलमलीच्या कापडात पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावे; वड्यांच्या पनीरला ठेवतो तसे वजन त्यावर ठेवू नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे पनीर गरम असतानाच वाटणे. सुमारे 400 ग्रॅम पनीर, 50 ग्रॅम मीठविरहित लोणी आणि निथळलेल्या पाण्यातील दोन-तीन चमचे पाणी एकत्र करून, मधूनमधून भांड्याच्या कडा खरवडत, बोटांना कण लागेनासा होईपर्यंत फिरवावे. मिश्रण कोमट झाल्यावर 150 ग्रॅम चक्का घालावा; गरम मिश्रणात घातल्यास तोही फाटून रवाळ होतो. चक्का आदल्या रात्री फ्रिजमध्येच टांगावा, म्हणजे तो आंबट होत नाही. एवढे स्प्रेड वीस जणांना प्रत्येकी तीन बिस्किटांपुरते होते. घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर मात्र घालू नये, कारण त्याने दुधाची चवच हरवते.

पाणी सुटण्याचे कारण अनेकदा काकडी, टोमॅटो किंवा कांदा हे असते, कारण मीठ लागताच त्यांतील पाणी बाहेर येते. या भाज्या आत न मिसळता वाढताना वरून ठेवाव्यात. स्प्रेडमध्ये सपाट छोटा चमचाभर मीठ, भरड मिरी आणि सालीसकट तव्यावर भाजून सोललेला लसूण पुरेसा आहे; कच्चा लसूण रात्रभरात फार उग्र होतो आणि दुसऱ्या दिवशी बाकी काही लागतच नाही.

आदल्या दिवशी केलेले स्प्रेड लोण्यामुळे फ्रिजमध्ये घट्ट होते, तेव्हा वाढण्यापूर्वी वीस मिनिटे बाहेर काढून चमच्याने फेटावे. बिस्किटांवर आधीच लावून ठेवल्यास ती मऊ पडतात, त्यामुळे वाटी मध्ये ठेवून प्रत्येकाला लावून घेऊ द्यावे. हा दुधाचा ओला पदार्थ आहे. दोन तासांहून अधिक वेळ तो बाहेर राहू नये, म्हणून निम्माच बाहेर काढावा.

चीजचे क्यूब अवश्य घाला. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवणारे क्षार असतात, त्यांचा मिश्रणाला फायदाच होतो. मात्र दोन क्यूब किसून, तीन-चार चमचे गरम दुधात मंद आचेवर पूर्ण विरघळवून, गरम पनीरबरोबरच मिक्सरमध्ये घालावेत आणि त्यांत मीठ असल्याने वरचे मीठ निम्मे करावे.