पडद्यावर बरोबर, मेलमध्ये चूक

ठरलेल्या वेळी आपोआप मेलवर येणाऱ्या रिपोर्टबद्दल ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांकडून आलेले चार प्रश्न यावेळी घेतले आहेत. चौघांची तक्रार फिल्टरचीच आहे.

प्रश्न : वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात आमचा गाळा आहे. कालच्या आवकेचा पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) रिपोर्ट रोज पहाटे ४:४५ला मेलवर येतो. फिल्टर आहे ‘मागील १ दिवस’. रविवारी आमचा व्यवहार बंद असतो, तरी सोमवारच्या मेलमध्ये आकडे असतात आणि मंगळवारचा मेल कोरा येतो. दहा वाजता लॅपटॉपवर उघडलं की सगळं ठीक. सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे मेल आपोआप पाठवायच्या सोयीत, वेळ भारताचीच निवडली आहे.

उत्तर : मंगळवारचा मेल कोरा येतो, यातच तुमचं उत्तर आहे. पॉवर बीआयचा सापेक्ष तारखेचा (‘मागील १ दिवस’सारखा) फिल्टर ‘आज’ ठरवताना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं घड्याळ बघतो आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. मंगळवारी पहाटे ४:४५ला तिथे सोमवारचे रात्रीचे ११:१५ झालेले असतात. म्हणजे फिल्टरच्या लेखी आज सोमवार आणि ‘मागील १ दिवस’ रविवार. सोमवारच्या मेलमध्ये याच हिशेबाने शनिवारची आवक येते. साडेपाच वाजले की दोन्हीकडची तारीख एक होते, म्हणून दहा वाजता चूक दिसत नाही.

सबस्क्रिप्शनमध्ये निवडलेली ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ ही वेळ मेल कधी सुटायचा एवढंच ठरवते. फिल्टरचा तिच्याशी संबंध नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे मेल ५:४५ला ठेवा. बाजाराच्या वेळेमुळे ते जमत नसेल, तर सापेक्ष फिल्टर काढून टाका आणि तारखांच्या टेबलात ‘किती दिवसांपूर्वी’ असा एक रकाना तयार करा : आज ०, काल -१, परवा -२. रिपोर्टवर फिल्टर लावायचा तो -१ या आकड्यावर. हा रकाना पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमध्ये डेटा आत घेताना तयार करायची जागा) काढताना ‘आज’ची तारीख यूटीसी वेळेत ५ तास ३० मिनिटं मिळवून काढा, नाहीतर तेच दुखणं दुसऱ्या दाराने आत येईल. शिवाय हा रकाना डेटा रिफ्रेशच्या वेळीच मोजला जातो. त्यामुळे रिफ्रेश मध्यरात्रीनंतर आणि मेलच्या आधी पूर्ण झाला पाहिजे. समजा, तीन वाजता रिफ्रेश आणि पावणेपाचला मेल.

‘आजचा दिवस धरा’ या चौकोनात टिक केली की पहाटेचा मेल बरोबर येतो, असं कोणी सांगेल. येतोही, पण योगायोगाने! तोच रिपोर्ट दहा वाजता उघडला तर त्यात आजची अर्धवट आवक दिसेल. ही जुळवाजुळव करू नका.

प्रश्न : वागळे इस्टेटमधून आम्ही ठाणे, भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथल्या विक्री प्रतिनिधींना साप्ताहिक रिपोर्ट पाठवतो. प्रत्येकाला आपलाच विभाग दिसावा म्हणून आरएलएस (रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याची मर्यादा) लावलं आहे. तरी मेलमध्ये सगळ्यांना सगळे विभाग दिसतात.

उत्तर : आधी ते सबस्क्रिप्शन आजच बंद करा, बाकीचं नंतर. गेलेला मेल परत घेता येत नाही, आणि सोबत पूर्ण रिपोर्टची पीडीएफ जोडत असाल तर सगळ्यांचे सगळे आकडे बाहेर गेले आहेत.

साधं सबस्क्रिप्शन ज्याने तयार केलं त्याच्या परवानगीने चालतं. तुम्ही व्यवस्थापक, तुम्हाला सगळे विभाग दिसतात, म्हणून मेलमध्येही सगळे दिसतात. घेणारा कोण आहे हे तिथे तपासलंच जात नाही. मेलमधली लिंक उघडून आत गेल्यावर मात्र ज्याची त्याची मर्यादा लागू होते, आणि तीही त्या माणसाला वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायच्या सामायिक जागेत) ‘व्ह्यूअर’पेक्षा जास्त हक्क नसतील तरच. अ‍ॅडमिन, मेंबर किंवा काँट्रिब्यूटर असलेल्याला आरएलएस अडवत नाही. प्रतिनिधींना घाईगडबडीत ‘मेंबर’ करून ठेवलं आहे का, हेही बघा.

रस्ते दोन. माणसं चारपाचच असतील, तर ज्याने त्याने स्वतःच्या लॉगिनवरून स्वतःपुरतं सबस्क्रिप्शन घ्यावं. संख्या मोठी असेल तर प्रत्येक घेणाऱ्यासाठी वेगळा फिल्टर लावणारं डायनॅमिक सबस्क्रिप्शन करा. त्यासाठी दोन रकान्यांचं टेबल पुरतं, एकात ईमेल आणि दुसऱ्यात विभाग.

या दुसऱ्या रकान्यातच घोळ होतो. विभागाचं नाव रिपोर्टमधल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एका ठिकाणी ‘कल्याण’ आणि दुसरीकडे ‘कल्याण-डोंबिवली’ असेल, तर माणसाला ते एक वाटतं, फिल्टरला नाही. डोळ्यांना न दिसणारी जागा त्याहून वाईट. एक्सेलमध्ये अक्षरं-चिन्हं मोजणारं लेन हे फंक्शन लावून बघा : ‘ठाणे’साठी उत्तर ४ यायला हवं (ठ, काना, ण, मात्रा), ‘भिवंडी’साठी ६. पाच किंवा सात आलं तर शेवटी काहीतरी चिकटलेलं आहे. साधी जागा ट्रिम फंक्शनने जाते. वेबपेजवरून कॉपी करताना येणारी १६० क्रमांकाची जागा ट्रिमने जात नाही, ती सब्स्टिट्यूटने काढावी लागते. याहून चांगलं म्हणजे नावांऐवजी विभागाचा कोड वापरा.

चालू करण्यापूर्वी त्या टेबलातल्या सगळ्या ओळींत स्वतःचाच ईमेल टाकून एक फेरी पाठवा. चार मेल येतील, चारही उघडून बघा.

प्रश्न : महापे इथल्या आमच्या ऑफिसात महिन्याच्या विक्रीचा रिपोर्ट एसक्यूएल क्वेरीतून (डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या आदेशातून) निघून आपोआप मेल होतो. ‘स्थिती रद्द नाही’ आणि ‘तारीख १ ते ३१ यांच्या दरम्यान’ असे दोन फिल्टर आहेत. टॅलीपेक्षा बेरीज दर महिन्याला कमी भरते.

उत्तर : दोन्ही फिल्टर ओळी गाळत असण्याची शक्यता आहे.

पहिला : स्थितीचा रकाना ज्या बिलात रिकामा, म्हणजे नल आहे, ते बिल ‘रद्द नाही’ या अटीत बसत नाही. नलची कशाशीही तुलना केली तरी उत्तर ‘माहीत नाही’ असंच येतं आणि ती ओळ वगळली जाते. खात्रीसाठी तीन मोजण्या करा : एकूण बिलं, रद्द बिलं, ‘रद्द नाही’ बिलं. शेवटच्या दोघांची बेरीज एकूण संख्येपेक्षा कमी भरली, तर तेवढी बिलं नल आहेत. अटीत ‘किंवा स्थिती नल आहे’ असं जोडा, आणि स्थितीच्या या दोन्ही अटींना मिळून कंस घाला. कंस विसरलात तर तारखेचा फिल्टर निकामी होऊन मागच्या वर्षांचीही बिलं आत येतील.

दुसरा : तारखेसोबत वेळही साठवली जात असेल, तर ‘३१ तारखेपर्यंत’ याचा अर्थ ३१ तारीख सुरू होतानाच्या ००:०० पर्यंत असा होतो. त्या दिवशी सकाळी अकराला केलेलं बिल बाहेर राहतं. आणि महिनाअखेरीलाच तर बिलांची झुंबड असते. ‘दरम्यान’ काढून टाका आणि ‘१ तारीख किंवा नंतर, आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी’ अशी अट घाला. महिना ३० दिवसांचा असो की २८, ती बदलावी लागत नाही.

जाता जाता : याच रिपोर्टात ‘चालू वर्ष’ असा फिल्टर असेल तर तो जानेवारीपासून मोजतो आहे की १ एप्रिलपासून, तेही बघून घ्या.

प्रश्न : घोडबंदर रोडवरून. पॉवर बीआयच्या रिपोर्टवर नवा फिल्टर लावला, तरी मेल जुन्याच फिल्टरने येतो. आणि डेटा नसेल त्या दिवशी मेल येऊच नये, अशी सोय काही साधनांत असते. ती वापरावी का?

उत्तर : सबस्क्रिप्शन घेताना ‘माझे बदल समाविष्ट करा’ निवडलं असेल, तर त्या क्षणीचे फिल्टर त्यात गोठतात. नंतर पडद्यावर काहीही बदला, मेलला त्याचा पत्ता नसतो. नवा फिल्टर लावून सबस्क्रिप्शन पुन्हा घ्या आणि जुनं आठवणीने काढा, नाहीतर दोन मेल येत राहतील.

टॅब्लो आणि मेटाबेस या रिपोर्टच्या दुसऱ्या साधनांमध्ये रिकामा रिपोर्ट न पाठवण्याची सोय आहे. थकबाकी किंवा तुटवडा यांसारख्या इशाऱ्याच्या रिपोर्टला ती जरूर वापरा. रोजच्या विक्रीला वापरू नका. मेल आला नाही तर विक्री झाली नाही, फिल्टर चुकला की शेड्यूलच बंद पडलं, हे तुम्हाला कळणार नाही.