आधी गांजा सोड, मग डॉक्टरकडे जाऊ?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. पुण्यात वसतिगृहात राहून शिकत असताना त्याला गांजाची सवय लागली आणि तिसरे वर्ष अर्धवट सोडून तो नाशिकला घरी परत आला. तो सांगतो की, ओढल्याशिवाय त्याचे डोके शांत होत नाही आणि झोपही लागत नाही. गेल्या पाच महिन्यांपासून मात्र शेजारचे लोक आपल्याविषयीच बोलतात असे त्याला वाटते. त्याने खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवले आहे आणि जेवणाचे ताटही तो दाराबाहेर ठेवायला सांगतो. आई म्हणते, आधी हे व्यसन सोड, मग डॉक्टरकडे नेऊ. बाबांना वाटते की, पोलिसांचा धाक दाखवावा किंवा उचलून केंद्रात टाकावे. भाऊ मोबाईलवरचे लेख दाखवून म्हणतो की, परदेशात डॉक्टरच हे औषध म्हणून देतात. हे औषध आहे की आजाराचे मूळ आहे, आणि आम्ही सुरुवात कोठून करावी?
— एक बहीण, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात वेळ घालवता येणार नाही. गांजा सुटण्याची वाट पाहू नका. भाऊ ओढत असतानाच, आहे त्या अवस्थेत, त्याला या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. आईंची अट मायेपोटीच आली आहे हे मी जाणतो. पण ज्या गोष्टीच्या आधाराने मुलगा रात्र काढतो आहे, ती आधी टाक आणि मग मदत माग, असे आपण त्याला सांगत आहोत. तो ते करू शकत नाही आणि महिने उलटत जातात. संशय, भास आणि भ्रम यांचा आजार जितका काळ उपचारांविना राहतो, तितके त्यातून सावरणे कठीण होते. व्यसन आणि मनाचा आजार या दोन्हींवर एकाच वेळी उपचार करता येतात आणि तसेच ते करायला हवेत.

आता भावाच्या म्हणण्याकडे वळू. त्याला आराम वाटतो हे खोटे नाही, आणि ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न घरात कोणीही करू नये. आपल्या मेंदूत स्वतःचीच अशी काही रसायने असतात, जी भीती, भूक आणि झोप यांचा तोल सांभाळतात. त्यांपैकी एकाचा शोध १९९२ साली लागला, तेव्हा संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले. गांजातील टीएचसी हे द्रव्य त्याच रसायनाच्या जागा बळकावते, म्हणून पहिले काही महिने मन हलके वाटते. पण रोज ओढत राहिल्यावर मेंदू त्या जागा कमी करतो, आणि मग गांजा नसलेल्या तासांत अस्वस्थता, चिडचिड आणि निद्रानाश पूर्वीपेक्षाही वाढतात. पुढची चिलीम जो आराम देते, त्यातला मोठा भाग गांजाच्याच तुटवड्यातून आलेल्या त्रासावरचा असतो. रुग्णाला मात्र वाटते की, आपल्या मूळ दुखण्यावर औषध सापडले.

त्याहून गंभीर बाब तुम्ही लिहिलेल्या खिडकीवरच्या वर्तमानपत्रात आहे. टीएचसी जसे मन सैल करते, तसेच ते संशयही चेतवते. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पुढील १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी ज्यांनी भरतीपूर्वी ५०हून अधिक वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रमाच्या एका गंभीर मनोविकाराचे) प्रमाण न घेणाऱ्यांच्या तुलनेत सहापट आढळले. युरोपातील अनेक शहरे आणि ब्राझील येथील रुग्णांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच दाखवतो : रोज घेणाऱ्यांत भास-भ्रमाच्या आजाराची शक्यता सुमारे तिप्पट होती, आणि जास्त टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत ती जवळपास पाचपट होती. गांजा घेणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही हेही तितकेच खरे आहे. कोवळ्या वयात सुरुवात, रोजचा वापर आणि कुटुंबात आधीपासून असलेला मनोविकार या गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. म्हणून आजी-आजोबा, काका-मामा यांच्यापैकी कोणाला असा आजार होता का, हे आईबाबांना मोकळेपणाने विचारून ठेवा. आपल्या घरांत असे आजार ‘देवाचे’ किंवा ‘बाहेरचे’ म्हणून झाकले जातात आणि डॉक्टरांपर्यंत ती माहिती पोहोचतच नाही.

तरीही ‘गांजामुळे वेड लागले’ असा निकाल घरच्या घरी देऊन टाकू नका. ही घाई आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या तपासल्या. वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द अनेकदा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाच्या सांगण्यावरूनच लिहिला गेला होता, असे आयोगाच्या लक्षात आले. १८९२ साली दाखल झालेल्या रुग्णांची पुन्हा चौकशी केल्यावर अशा निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. म्हणून घाई नको, कारण एकदा ‘गांजा’ ठरले की पुढे कोणी विचारत नाही, आणि नैराश्य, चिंतारोग किंवा सुरू होत असलेला स्किझोफ्रेनिया तसाच राहून जातो. तुमचा भाऊ गांजाकडे वळला तेव्हा त्याची झोप आधीच गेली होती का, परीक्षेची भीती होती का, मित्र तुटले होते का, हे तारीखवार आठवून एका कागदावर लिहा. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम पहिल्या भेटीत डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

परदेशातील औषधांविषयी त्याला खरे ते सांगा. अपस्माराच्या काही दुर्मीळ आणि हट्टी प्रकारांसाठी गांजाच्या झाडातील सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्याचे शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले आहे. कर्करोगाच्या उपचारांतील मळमळीवरही अशी काही औषधे वापरली जातात. मनोविकारांबाबत चित्र वेगळे आहे : नैराश्य, चिंता, आघातानंतरचा मानसिक त्रास आणि भास-भ्रम यांवरील ८३ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१९च्या आढाव्यात, या आजारांत लाभ होतो असे म्हणण्यासारखा पुरेसा पुरावा मिळाला नाही. आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ म्हणतात हे खरे, पण आपल्या औषध नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत असून वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची आहे. चिलमीतला माल किती तीव्र आणि कशात मिसळलेला आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

बाबांनी पोलिसांचा विचार सोडून द्यावा. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गांजाचे सेवन हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात आहे. रुग्णाची माहिती गुप्त राखणे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने डॉक्टरांना बंधनकारक आहे. हे भावाला स्पष्ट सांगा, कारण संशयाने घेरलेल्या मुलाला हीच भीती सर्वांत मोठी वाटत असते. त्याला रात्री माणसे पाठवून उचलून नेणे मला मुळीच मान्य नाही. जीवाला धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेणेच त्याला अशक्य झाले असेल, तर इच्छेविरुद्ध दाखल करण्याची कायदेशीर पद्धत आहे, पण तिच्यासाठी तज्ज्ञांनी तपासणी करावी लागते.

डॉक्टरकडे जाण्याविषयी त्याच्याशी पहिल्यांदा बोलताना तुम्ही स्वतःहून गांजाचा विषय काढू नका. “तुला रात्री झोप लागत नाही, भीती वाटते, त्यासाठी आपण दोघे जाऊन येऊ,” इतकेच म्हणा. शेजारी बोलतात या समजुतीवर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. तुला किती त्रास होत असेल हे मला दिसते, एवढे म्हणणे पुरेसे आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात जाता येईल, आणि तो येण्यास तयार नसेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर तुम्ही स्वतः बोलू शकता. मात्र कानात ऐकू येणारे आवाज त्याला काही करण्याचा हुकूम देत असतील, त्याने जेवण सोडले असेल किंवा मरणाचे बोलू लागला असेल, तर भेटीची वेळ ठरवत बसू नका. त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्या.

प्रश्न : माझे वय ३१ आहे. चार वर्षांपासून स्किझोफ्रेनियासाठी ओलांझापिनची गोळी रात्री घेतो. संध्याकाळी तंबाखूत मिसळून गांजा ओढतो, हे डॉक्टरांना कधी सांगितलेले नाही. दोनदा सोडून पाहिले, पण चौथ्या दिवशी झोप उडाली, भयंकर स्वप्ने पडली आणि आजार उलटला या भीतीने पुन्हा सुरू केले. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती चौथ्या दिवसाची रात्र बहुधा आजाराची नव्हती. रोजचा गांजा थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणे आणि विलक्षण ठळक स्वप्ने सुरू होतात, पहिल्या आठवड्यात ती टोक गाठतात आणि साधारण दोन आठवड्यांत बरीच ओसरतात. झोप पूर्ववत व्हायला मात्र काहींना आणखी वेळ लागतो. जागे झाल्यावर ते स्वप्न होते हे तुम्हाला कळत असेल, तर धीर धरा. जागेपणी आवाज ऐकू येऊ लागले किंवा कोणाचा संशय घट्ट होऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधा.

तुम्ही डॉक्टरांना सांगितले पाहिजे याचे एक कारण बहुतेक रुग्णांना माहीत नसते. विडी, सिगारेट किंवा चिलमीचा धूर यकृतातील एक विकर (एन्झाइम) चेतवतो आणि ते ओलांझापिन व क्लोझापिन ही औषधे लवकर मोडते. म्हणजे आज जी मात्रा तुम्हाला लागू पडते आहे, ती कदाचित धुराचा हिशेब धरून बसलेली आहे. ओढणे एकदम थांबवले की काही दिवसांतच रक्तातील औषध वाढते आणि सुस्ती, चक्कर किंवा जडपणा येऊ शकतो. मात्रा कमी करावी लागली तर ती डॉक्टरच ठरवतील; तुम्ही गोळी स्वतःहून कमी करू नका आणि बंद तर मुळीच करू नका. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे, त्यामुळे तंबाखूच्या तलफेसाठी निकोटिनचे च्युइंगम विचारून घेता येईल.

सोडण्याची तारीख डॉक्टरांबरोबर ठरवा आणि त्यानंतर सातव्या-आठव्या दिवशीची भेट आधीच घेऊन ठेवा. समोर बसल्यावर तोंडातून शब्द निघणार नाहीत असे वाटत असेल, तर किती वर्षे, दिवसातून किती वेळा आणि कशात मिसळून, हे चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी केसपेपरसोबत टेबलावर ठेवा.