चाकांवरच्या घरात 13 वर्षांची मुलगी: आम्ही मुलांचं नुकसान तर करत नाही ना?

आरव्हीत, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, कायमचे राहणारे किंवा राहायला निघालेले आईबाप मला, समुपदेशक म्हणून, जो प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात तो हाच. शब्द बदलतात, कोणी मित्रमैत्रिणींचं विचारतं, कोणी शाळेचं, कोणी सरळ सांगतं की घरचे म्हणतात तुमच्या हौसेपायी लेकरांचे हाल चाललेत, पण आत भीती तीच असते. मी याला हो किंवा नाही असं उत्तर देत नाही, उलट दोनचार फालतू वाटणारे प्रश्न विचारते, म्हणजे कोण कुठे झोपतं, आधी कोण उठतं, पुढे कुठे जायचं ते कोण ठरवतं. का विचारते ते एका कुटुंबावरून सांगते. त्यांनी लिहायला परवानगी दिलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आई, बाबा, 13 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा. घर विकलं, मोटरहोम घेतली, बाबांचं काम लॅपटॉपवरचं त्यामुळे पगार चालू, आईने नोकरी सोडून मुलांना शिकवायला घेतलेलं. आठ-दहा दिवस एका जागी मग पुढची जागा. धाकटा खूश. मोठी मात्र हळूहळू बोलेनाशी झाली, काही विचारलं की "काही नाही", सकाळी चिडचिड, अभ्यासाला बसली की डोळे मिटतायत, आणि एक दिवस ती आईला म्हणाली की तुम्हाला हवं ते तुम्ही केलं, मला कोणी विचारलं होतं का. आईने दुसऱ्याच दिवशी मला मेल केला. बाबांचं मत, वय आहे, होईल नीट.

पहिला व्हिडिओ कॉल आईने गाडीबाहेर खुर्ची टाकून घेतला, पाऊस आला तशी आत गेली आणि आत गेल्यावर ती वेगळीच बाई झाली, आवाज हसरा, उत्तरं दोन शब्दांची. साहजिक आहे, आत सगळ्यांना सगळं ऐकू जातं. मुलीशी बोलायची वेळ आली तेव्हा मी तिला सांगितलं की बोलू नकोस, चॅटमध्ये टाइप कर, मी बोलेन ते तू हेडफोनवर ऐक. पोरीने अक्षरशः पानभर लिहिलं.

त्यातलं अर्ध्याहून जास्त झोपेबद्दल होतं. गाडीत मागे आईबाबांचा बेड, मधे धाकट्याचा बंक कारण तो लवकर झोपतो, आणि मुलीचा बेड म्हणजे डायनेट, जेवायचं टेबल खाली करून त्यावर गादी पसरायची. म्हणजे सगळ्यांचं जेवण, आवराआवर, गप्पा होईपर्यंत तिला पाठ टेकता येत नाही, आणि बाबांचे ऑफिसचे कॉल दुसऱ्या टाइमझोनमधले त्यामुळे पहाटेच तेच टेबल त्यांना लागतं. रात्री सगळ्यात शेवटी झोपणार ती आणि सकाळी सगळ्यात आधी उठणार पण तीच. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते, शिवाय या वयात झोप यायची वेळच पुढे सरकते, झोप आणणारं संप्रेरक मेलाटोनिन उशिरा वाढतं, तो काही आळस नसतो. आईबाबा ज्याला मूड म्हणत होते त्यातला बराचसा भाग सरळसरळ न झालेली झोप होती, आणि दोघंही तेवढ्याच जागेत वावरत असून हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं!

दुसरी गोष्ट आणखी नाजूक. गाडीत खरा दरवाजा एकच, बाथरूमचा. ती तिथे जाऊन बसायची, मग बाबा दार वाजवणार की पाणी किती वापरतेस, ग्रे टँक, म्हणजे बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी, भरत आलाय. नळ बंदच असायचा पण ते सांगायचं कसं. ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे संडासाच्या टाकीत, टॉयलेट पेपरशिवाय काही टाकायचं नाही हा नियम बरोबरच आहे, पण मग पाळीच्या दिवसांत पॅड कचऱ्याच्या डब्यात जाणार आणि डबा सगळ्यांचा, स्वयंपाकाच्या ओट्याखाली, त्यात भाऊ विचारणार की हे काय आहे. मोठ्या घरात हे आपोआप सुटतं, इथे कोणीतरी मुद्दाम विचार करावा लागतो आणि 13 वर्षांची मुलगी तो विषय आपणहून काढणार नाही.

एकटं राहायला तिने एक जागा शोधली होती, गाडी चालू असताना मागच्या बेडवर जाऊन पडायचं. आई गप्प बसायची कारण तेवढ्यासाठी भांडण नको. हे मात्र मी त्याच दिवशी थांबवायला सांगितलं. चालत्या गाडीत सगळ्यांनी सीट बेल्ट असलेल्या सीटवरच बसायचं, बेडवर झोपलेलं माणूस करकचून ब्रेक लागला की सरळ पुढे फेकलं जातं. यात चर्चा नाही. पण तिला एकटं राहावंसं वाटणं यात काही चूक नाही, ती गरज भागवायची दुसरी सोय हवी.

इथे थोडं पुस्तकी बोलते, चालवून घ्या. डॅनियल स्टोकोल्स या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये दाटी आणि गर्दी वाटणं यात फरक केला, किती माणसं किती जागेत हे मोजता येतं, पण कोंडल्यासारखं वाटणं ही वेगळी गोष्ट. आयर्विन ऑल्टमन यांनी 1975 मध्ये मांडलं की खाजगीपणा म्हणजे आपल्यापर्यंत कोणी कधी यावं यावर आपला ताबा असणं. मी आरव्हीतली कुटुंबं बघते तेव्हा मला हे रोज दिसतं. तेवढ्याच चौरस फुटांत एक मूल मजेत असतं आणि एक कोमेजतं, कारण एकाला बंकचा पडदा ओढता येतो आणि दुसऱ्याची गादी रोज सकाळी गुंडाळून ठेवली जाते. धाकट्याला अजून आईबाबा जवळ हवेत त्यामुळे त्याला गाडी म्हणजे स्वर्ग, मोठीचं वय आईबाबांपासून जरा लांब सरकायचं, आणि सरकणार कुठे?

बदल फार मोठे नव्हते. बंक मुलीला दिला, जाड पडदा लावला, पडदा बंद असेल तर बाहेरून हाक मारायची, उत्तर आलं तरच उघडायचा, आणि हा नियम आईबाबांनाही लागू. धाकटा डायनेटवर गेला, तो कुठेही झोपतो. मग बाबांच्या पहाटेच्या कॉलचं काय, तर पुढची प्रवासी सीट आत फिरते, तिथे मांडीवरच्या टेबलाने काम सुरू झालं. बाबा कुरकुरले. पाठ दुखते म्हणाले, मी म्हटलं मुलीचीही दुखत असेल. बाथरूममध्ये झाकणाचा वेगळा छोटा डबा आला. संध्याकाळी गाडी उभी असताना ड्रायव्हरची केबिन पडदा ओढून तासभर तिची. त्यात मी एक अट घातली की थंडी वाजली म्हणून इंजिन चालू करून बसायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि गाडीतला त्याचा अलार्म चालतोय का हे बाबांनी बटण दाबून बघायचं. गाडीत राहणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगते, समुपदेशनात बसत नसलं तरी.

झोप सुधारली तशी चिडचिड बरीच कमी झाली, पण गप्प राहणं गेलं नाही. तिचं दुःख झोपेपेक्षा जुनं होतं. घर सोडताना सगळं इतकं उत्साहात झालं की तिला रडायला वेळच मिळाला नव्हता, मैत्रिणींना "आपण रोज बोलू" म्हणून निघाली आणि नेटवर्क नसलेल्या जागांमध्ये ते बोलणं आपोआप आटलं. सतत देश बदलणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांबद्दल बरंच काम झालंय, समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी 1950च्या दशकात या मुलांसाठी थर्ड कल्चर किड्स हे नाव वापरलं, पुढे डेव्हिड पोलॉक यांनी निरोपाची एक पद्धत सांगितली: भांडण असेल तर मिटवा, ज्यांच्यामुळे चांगलं वाटलं त्यांना ते सांगा, माणसांचा, जागांचा, वस्तूंचासुद्धा निरोप घ्या, आणि मग पुढच्या जागेचा विचार करा. आरव्हीवाले देश बदलत नसतील पण निरोप तर दर आठवड्याला आहे, आणि बहुतेक कुटुंबं शेवटचा टप्पा तेवढा उरकतात. तिने जुन्या मैत्रिणींना खरी पत्रं लिहिली, हाताने, आणि एकीशी आठवड्यातला एक ठरलेला वार आणि वेळ पक्की केली. त्या वेळेला नेटवर्क असेल अशीच जागा निवडायची ही जबाबदारी बाबांची. म्हणजे रस्ता पहिल्यांदा तिच्या सोयीने ठरला.

आणि वेग कमी करा. मी जवळजवळ सगळ्यांना हेच सांगते, महिना दीड महिना एका जागी थांबा, पूर्वी आवडलेल्या जागी परत जा, दुसरं एखादं फिरतं कुटुंब ओळखीचं झालं तर त्यांच्याबरोबर तारखा जुळवा. मुलांना रोज नवा डोंगर दाखवायची घाई आपल्यालाच असते. मैत्री व्हायला एकच माणूस परत परत भेटावं लागतं. शाळेचं म्हणाल तर घरी शिकवण्याचे कायदे आधी नीट वाचा, जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, अमेरिकेत 50 राज्यांत घरी शिकवता येतं पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे.

नवराबायकोचं राहिलंच. या दोघांची भांडणं दबक्या आवाजात चालायची, मुलांना कळू नये म्हणून, आणि मुलांना अर्थातच सगळं कळायचं. जोडप्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं एक निरीक्षण मी नेहमी वापरते, भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं ऐकूच येत नाही, शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात. मोठ्या घरात माणूस दुसऱ्या खोलीत जातो, इथे खोलीच नाही. म्हणून ठरलं की जो बाहेर चालायला जाईल त्याने किती वाजता परत येतो ते सांगून जायचं आणि त्या वेळेला यायचंच, आणि भांडणाच्या भरात गाडी हलवायची नाही. कोणी स्टिअरिंगवर बसून राग काढत असेल तर तो छोटा विषय समजू नका.

एक गोष्ट मी प्रत्येक जोडप्यातल्या दोघांना वेगवेगळं बोलावून विचारते. ही गाडी तुम्ही स्वतः चालवू शकता का? तुमच्या हातात स्वतःचे पैसे, स्वतःचा फोन, स्वतःची कागदपत्रं आहेत का? उद्या उतरावंसं वाटलं तर कुठे जाल? या आईला गाडी चालवता येत नव्हती, कधी गरजच पडली नव्हती म्हणाली. इथे जबरदस्तीचा प्रकार नव्हता, नुसती सवय, पण घर, चावी आणि रस्ता एकाच माणसाच्या हातात असेल तर दुसऱ्याचं "चल, मला पटतंय" याला किती अर्थ उरतो. ती शिकली, मोकळ्या मैदानात, आधी रिव्हर्स घ्यायला, आणि मला वाटतं घरातला सूर बदलला तो तिथून. जिथे खरंच धाक आहे, मारहाण आहे, तिथे सामानाचे आणि वेळेचे नियम करत बसू नका, आधी सुरक्षित जागा आणि मदत.

मग मुलीला विचारलं गेलं, जे सुरुवातीला राहून गेलं होतं. तिने लांबलचक यादी वगैरे दिली नाही, एकच मागितलं, एक शैक्षणिक वर्ष एका शाळेत, त्याच वर्गात. बाबांना ते हरल्यासारखं वाटलं, दोन कॉल त्यावरच गेले. शेवटी गाडी विकली नाही, एका ठिकाणी वर्षभरासाठी उभी केलीय, कुटुंब अजून तिच्यातच राहतं, सुट्ट्यांत फिरतं. धाकटा नाराज आहे, तो म्हणतो आपण परत कधी निघायचं. आई म्हणते अजून एक वर्ष थांबू, बाबा म्हणतात ठरल्याप्रमाणे निघू, यावर पुढच्या महिन्यात चौघं बसणार आहेत आणि यावेळी मोठीचं मत मोजलं जाणार हे आधीच ठरलंय.

तुमचं मूल झोपत नसेल, जेवण सोडत असेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर पुढच्या मुक्कामी बघू म्हणू नका, जिथे आहात तिथेच थांबून प्रत्यक्ष डॉक्टरला किंवा समुपदेशकाला दाखवा. स्वतःला इजा करायचं बोललं तर त्याच दिवशी. दर मुक्कामाला तिथला इमर्जन्सी नंबर आणि जवळचं हॉस्पिटल कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा, मुलांच्या नजरेला येईल अशा उंचीवर, कारण नेटवर्क नेमकं तेव्हाच नसतं.